घर विकायला काढलंय आणि आपण दुसऱ्या राज्यात: विमा अजून चालू आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीमुळे कुटुंब ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून डॅलसजवळ राहायला गेलं. जुनं घर विकायला लावलंय, पण गिऱ्हाईक अजून ठरलेलं नाही. बहुतेक सामान टेक्सासला पोचलं. मागे एक सोफा, जेवणाचं टेबल आणि बेसमेंटमधली काही खोकी. होमओनर्स पॉलिसीचा, म्हणजे राहत्या घराच्या विम्याचा, प्रीमियम मॉर्गेजच्या (गृहकर्जाच्या) एस्क्रोमधून, म्हणजे बँक विम्यासाठी बाजूला ठेवते त्या पैशांतून, नियमित जातोय. एका मित्राचा सल्ला असा की विमा कंपनीचा नियम साठ दिवसांचा असतो, तेव्हा दर पन्नास-पंचावन्न दिवसांनी जाऊन तिथे एक रात्र झोपून यायचं, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे चालेल का? आणि जाता जाता, पुण्यातल्या बंद फ्लॅटचं काय?

मी अमेरिकेत घरांच्या नुकसानीचे क्लेम बघतो. आधी बरीच वर्षं विमा कंपनीच्या बाजूने बघितले, आता घरमालकांच्या बाजूने बघतो. त्या अनुभवावरून सरळ उत्तर: एक रात्र झोपून काहीही साधणार नाही. शिवाय तुमच्या बाबतीत साठ दिवसांची अट हा मुख्य धोकाही नाही. खरा धोका पॉलिसीच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये आहे. तिथे दिवसांचा आकडा नसतो, म्हणून तो भाग कुणी वाचत नाही.

तरी साठ दिवसांपासूनच सुरुवात करू, कारण मित्राने तो आकडा हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांच्या घरविम्याचा पाया म्हणजे आयएसओ या विम्याचे नमुना-मजकूर तयार करणाऱ्या संस्थेचा एचओ-3 हा नमुना. त्यात असं आहे की नुकसान होण्याच्या लगेच आधी घर सलग 60 दिवसांपेक्षा जास्त ‘व्हेकंट’ (रिकामं, नेमका अर्थ पुढे) असेल, तर दोन गोष्टींचे पैसे मिळत नाहीत: कुणी मुद्दाम केलेली तोडफोड, आणि फुटलेल्या काचा. तोडफोडीच्या ओघात झालेलं पुढचं नुकसानही त्यातच जातं. म्हणजे कुणी घरात घुसून नासधूस केली आणि जाताना आग लावली, तर कंपनी त्या आगीकडेही त्याच कलमातून बघणार. रिकाम्या घरांतून तांब्याचे पाइप कापून नेण्याचे प्रकार होतात. ही चोरी की तोडफोड, यावर कोर्टात वाद झालेले आहेत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. वादळ, गारा, वीज, शेजारून आलेली आग यांना मात्र या नमुन्यात साठ दिवसांची आडकाठी नाही. काही कंपन्यांनी स्वतःच्या फॉर्ममध्ये साठचे तीस केलेत, तेव्हा आकडा आपल्या पॉलिसीतच बघायचा.

पूर्वी हे कलम जास्त कडक होतं. न्यू यॉर्कच्या 1943 च्या प्रमाण अग्नी पॉलिसीत घर 60 दिवसांपेक्षा जास्त रिकामं किंवा बंद राहिलं, की त्या काळात विमाच थांबायचा. हा मजकूर पुढे अनेक राज्यांनी उचलला. ‘घर रिकामं ठेवलं की विमा जातो’ ही सर्वसाधारण समजूत बहुधा तिथूनच आलेली.

आता ‘व्हेकंट’ आणि ‘अनऑक्युपाइड’ हे दोन शब्द. घरात राहण्यापुरतं सामान आहे, फक्त माणसं नाहीत, तर ते अनऑक्युपाइड, म्हणजे नुसतं बंद. माणसंही नाहीत आणि राहता येईल इतकं सामानही नाही, तर व्हेकंट. तोडफोडीचं कलम फक्त दुसऱ्याला लागतं. तुमचा एक सोफा आणि एक टेबल पाहून कुणी ‘इथे उद्या राहायला येता येईल’ असं म्हणणार नाही. गादी नाही, भांडी नाहीत, फ्रिज रिकामा. घर चांगलं दिसावं म्हणून रिअल्टरने (घरविक्रीच्या एजंटने) भाड्याने आणून मांडलेलं फर्निचर यात फारसं उपयोगी पडत नाही असं माझं मत आहे, कारण ते विकण्यासाठी मांडलेलं असतं, राहण्यासाठी नाही. तुमचं घर मी व्हेकंटच धरेन, आणि कंपनीचा माणूसही तेच धरेल.

पण समजा तुम्ही सगळं फर्निचर परत नेऊन ठेवलंत, तरी प्रश्न सुटत नाही. एचओ-3 मध्ये विमा कशाचा, तर ‘रेसिडेन्स प्रेमिसेस’चा, म्हणजे राहत्या जागेचा. त्याची व्याख्या अशी, की ज्या घरात तुम्ही राहता ते, आणि जे डिक्लरेशनच्या पानावर, म्हणजे पॉलिसीच्या सुरुवातीच्या माहितीच्या पानावर, नोंदवलेलं आहे ते. दोन्ही अटी लागतात. तुमचं घर पानावर आहे, पण तुम्ही तिथे राहत नाही. कंपनी म्हणू शकते की हे घर पॉलिसीच्या व्याख्येतच बसत नाही. मग आग असो, वादळ असो की पाइप फुटलेला असो, मूळ घराचाच विमा नाही. साठ दिवसांच्या कलमात दोन प्रकारचं नुकसान जातं, इथे सगळंच जातं. त्यात आणखी एक गोम आहे. साधारणपणे वगळणारं कलम लागू होतं हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं, पण आपलं घर मुळात व्याख्येत बसतं हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं.

कोर्टांचं यावर एकमत नाही. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये कंपनीच्या बाजूने अर्थ लावला: ‘राहता’ म्हणजे राहायलाच हवं. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च कोर्टापुढे 2012 मध्ये आलेलं प्रकरण वेगळं होतं. एका जोडप्याने घर घेतलं, विमा घेतला, आणि राहायला जाण्याआधी वाळवीने पोखरलेला भाग सापडला. दुरुस्ती चालू असतानाच घर जळालं. तिथे कोर्ट म्हणालं की ‘राहणं’ म्हणजे नेमकं काय हे पॉलिसीत स्पष्ट नाही, आणि कंपनीला क्लेम सहज झटकू दिला नाही. पण ते लोक घरात शिरायच्या तयारीत होते, तुम्ही बाहेर पडला आहात. त्या निकालावर विसंबू नका.

एक चांगली बातमीही आहे, पण तिला तारीख चिकटलेली आहे. 2015 मध्ये आयएसओने या व्याख्येला एक सुधारणा काढली: पॉलिसीचा काळ सुरू होतो त्या दिवशी तुम्ही तिथे राहत असलात की पुरे. ही सुधारणा तुमच्या पॉलिसीत असेल आणि पॉलिसी समजा मार्चमध्ये सुरू झाली असेल, तर ऑगस्टमध्ये घर सोडूनही येत्या मार्चपर्यंत व्याख्येचा प्रश्न येऊ नये. मार्चमध्ये मात्र पॉलिसी आपोआप रिन्यू होणार, एस्क्रोमधून पैसे जाणार, सगळं सुरळीत वाटणार, आणि त्या दिवशी तुम्ही तिथे राहत नसणार. सगळ्यात वाईट प्रकरणं मी या आपोआप झालेल्या रिन्यूअलची पाहिलेली आहेत. लोक म्हणतात, ‘पैसे घेतले ना कंपनीने?’ घेतले. त्यावर कंपनी फार तर प्रीमियम परत करते.

मग एक रात्र झोपण्याचं काय? मोठं नुकसान झालं की कंपनी फक्त ‘शेवटचं कधी गेला होता’ एवढंच विचारून थांबत नाही. विजेची, गॅसची, पाण्याची महिनावार बिलं मागते. पोस्टात पत्ता कधी बदलला, ड्रायव्हिंग लायसन्स कुठल्या राज्याचं, टॅक्स रिटर्नवर कुठला पत्ता, मुलांची शाळा कुठली, टेक्सासच्या घरावर होमस्टेड सवलत (स्वतःच्या मुख्य राहत्या घराला मिळणारी मालमत्ता करातली सूट) घेतली आहे का, रिअल्टरच्या लॉकबॉक्सची (दारावरच्या किल्लीच्या पेटीची) नोंद काय सांगते, शेजारी काय म्हणतात, हे सगळं बघते. गरज वाटली तर शपथेवर जबाब घेते. त्या जबाबात ‘पंचावन्नाव्या दिवशी एक रात्र झोपायला का गेलात?’ या प्रश्नाला उत्तर काय देणार? खरं सांगितलंत तर मोजणी चुकवायला गेलो होतो असं होतं. खोटं सांगितलंत तर फसवणुकीचं कलम लागतं, आणि ते लागलं की जे मिळणार होतं तेही जातं. अधूनमधून मारलेल्या फेरीने घर रिकामं असल्याचं थांबत नाही, असंच कोर्टांनी बहुतेक वेळा धरलेलं आहे.

फेऱ्या मारूच नका असं मी म्हणत नाही. मारा, फोटो काढा, तारीख ठेवा. पण त्या घरासाठी, मोजणीसाठी नव्हे.

नुसतं कळवणं तरी पुरेसं आहे का? तेही नाही, आणि यासाठी तुमच्या नव्या राज्यातलाच निकाल आहे. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये फार्मर्स इन्शुरन्स एक्स्चेंजच्या प्रकरणात तो दिला. एक बाई घर सोडून निवृत्तांच्या वसाहतीत राहायला गेल्या, घर विकायला काढलं, आणि आपण घर सोडल्याचं कंपनीला सांगितलंही. रिकाम्या घरासाठीचं जादा एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचा बदलाचा कागद, मात्र घेतलेलं नव्हतं. काही महिन्यांनी शेजारच्या जागेतून आग आली आणि घराचं नुकसान झालं. घर रिकामं होतं म्हणून आग लागली नव्हती, माणसं असती तरी लागली असती. कोर्ट म्हणालं, त्याने फरक पडत नाही. पॉलिसीत लिहिलंय की घर रिकामं झाल्यावर 60 दिवसांनी विमा थांबतो, तो थांबला. तुमचं घर न्यू जर्सीत आहे, तिथला कायदा वेगळा आणि पॉलिसीचा मजकूरही वेगळा. धडा तरी तोच: फोनवर सांगितलं हे संरक्षण नव्हे, बदललेला कागद हातात आला तर संरक्षण.

तेव्हा करायचं काय. याच आठवड्यात एजंटला ईमेल लिहा. फोन नको, ईमेल. घर अमुक तारखेला सोडलं, विकायला लावलंय, आत एवढं एवढं सामान आहे, महिन्यातून किती वेळा कोण जाऊन बघतं, हे चार ओळींत मांडा. मग दोन प्रश्न विचारा. सध्याच्या पॉलिसीला रिकाम्या घराचं एंडॉर्समेंट जोडता येईल का, आणि त्यात ‘तुम्ही राहता’ ही अट शिथिल होते का? दुसरा प्रश्न विसरू नका, कारण काही एंडॉर्समेंट फक्त तोडफोडीचे साठ दिवस उठवतात, व्याख्येला हात लावत नाहीत. ‘काही काळजी करू नका, चालतं’ असं तोंडी उत्तर आलं तर तेच ईमेलवर मागा. बऱ्याचदा तिथे सूर बदलतो.

कंपनी नाही म्हणाली तर रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी घ्यायची. ती बहुतेकदा डीपी-1 या साध्या नमुन्यावर असते. आग, वीज पडणं आणि मोजून नावं दिलेले धोके तेवढेच. तोडफोड हवी असेल तर वेगळी मागावी लागते. भरपाई घसारा वजा करून. वीस वर्षांचं छप्पर उडालं तर नव्या छपराचे पैसे मिळणार नाहीत. प्रीमियम आताच्यापेक्षा बराच जास्त पडतो. ही पॉलिसी अनेकदा सरप्लस लाइन्सवाल्या, म्हणजे नेहमीच्या कंपन्या घेत नाहीत असे धोके घेणाऱ्या आणि त्या राज्याचा नेहमीचा परवाना नसलेल्या, कंपन्यांकडून मिळते, आणि अशी कंपनी बुडाली तर बहुतेक राज्यांत सरकारी हमी निधी मदतीला येत नाही, म्हणून कंपनीची आर्थिक पत विचारून घ्या. तीन किंवा सहा महिन्यांची मिळाली तर बरं, पण लवकर रद्द केल्यास किती प्रीमियम कापून घेणार हे आधीच पाहा. आणि जुनी असो वा नवी, क्लोजिंग (विक्रीचा अंतिम व्यवहार) होऊन पैसे खात्यात येईपर्यंत रद्द करू नका. ठरलेले सौदे शेवटच्या आठवड्यात मोडतात.

काही जण गप्प बसतात, कारण सांगितलं तर कंपनी पॉलिसी बंद करेल ही भीती. बंद करू शकते, पण त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत तुम्ही दुसरी पॉलिसी शोधू शकता. नुकसान झाल्यावर कळलं तर शोधायला काही उरत नाही.

मॉर्गेजबद्दल एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पॉलिसीतल्या मॉर्गेज कलमामुळे तुमचा क्लेम नाकारला तरी बँकेला तिच्या कर्जापुरते पैसे कंपनीकडून मिळू शकतात. वाटतं, चला, कर्ज तरी फिटलं. फिटत नाही. बँकेला दिलेल्या पैशांपुरते बँकेचे हक्क विमा कंपनीकडे येतात, आणि ती ते तुमच्याकडून वसूल करू शकते. उलट पॉलिसीच बंद पडली आणि बँकेला कळलं, तर बँक स्वतः विमा लावते. तो महाग असतो, मुख्यतः बँकेचंच हित बघतो, आणि बिल तुमच्या नावावर.

आता पाणी. कागद सगळे नीट असले तरी न्यू जर्सीच्या हिवाळ्यात रिकाम्या घराला मी सगळ्यात जास्त पाण्यानेच खराब झालेलं पाहिलंय. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण पाइप बहुतेकदा बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो, आणि तो कमजोर जागा शोधतो. राहत्या घरात दहा मिनिटांत कळतं. रिकाम्या घरात पहिल्या मजल्याचं छत बेसमेंटमध्ये येऊन पडेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

पॉलिसी इथे दोनांपैकी एक गोष्ट मागते: घरात उष्णता टिकवण्याची वाजवी काळजी घ्या, किंवा मुख्य पाणी बंद करून सगळ्या यंत्रणेतलं पाणी काढून टाका. थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 13 सेल्सिअसच्या खाली नेऊ नका असं सर्रास सांगतात. तुमच्यासारख्या हजाराहून जास्त मैल लांब गेलेल्या माणसाला मी दोन्ही करायला सांगेन. उष्णता चालू ठेवा, पण मुख्य व्हॉल्व्हही बंद करा, कारण वीज गेली की घर गरम करणारी फर्नेसही गेली. टेक्सासमध्ये तुमचे नवे शेजारी फेब्रुवारी 2021 च्या गोठण्याच्या गोष्टी सांगतील. तिथे वीज गेली आणि राहत्या घरांतलेही पाइप फुटले. प्लंबरला बोलावून लाइन हवेने रिकाम्या करून घ्या, टॉयलेटच्या टाक्या आणि सापळे (सिंक-टॉयलेटखाली पाणी साचून राहतं ते वाकडे पाइप), वॉटर हीटर, डिशवॉशर, बाहेरचे नळ सगळे. पावती जपा. तुमची हीटिंग गरम पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरची असेल तर ती प्लंबरला वेगळी दाखवा, आणि घरात आगीचे स्प्रिंकलर असतील तर पाणी बंद करू नका. तिथे पॉलिसीची अट उलटी आहे: पाणी चालू आणि घर उबदार ठेवायचं.

हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे पैसे तसेही मिळत नाहीत. अनेक कंपन्यांच्या फॉर्ममध्ये 14 दिवसांपेक्षा जास्त चाललेली गळती सरळ वगळलेली असते. म्हणून पाण्याचे सेन्सर बसवा, आणि शेजारच्या कुणाला आठवड्यातून एकदा आत चक्कर मारायला सांगा. दर वेळी फोनवर एक फोटो पाठवू दे. त्या फोटोंच्या तारखा आणि गॅसची बिलं हीच पुढे तुमच्या ‘वाजवी काळजी’ची साक्ष.

घर भाड्याने देण्याचा विचार मनात असेल, तर तो वेगळा रस्ता आहे. भाडेकरू आला की घर रिकामं राहत नाही, पण तुम्ही तिथे राहत नाही हे तसंच राहतं. तेव्हा होमओनर्स बंद करून भाड्याने दिलेल्या घराची पॉलिसी घ्यायची, बहुतेकदा डीपी-3 या नमुन्याची. कुणा ओळखीच्या मुलाला फुकट राहायला दिलंत तरी हाच हिशेब: ‘व्हेकंट’ टळतं, ‘तुम्ही राहता’ टळत नाही.

सामानाचं थोडक्यात. नव्या मुख्य घरात सामान हलवायला सुरुवात केल्यापासून 30 दिवस जुन्या पॉलिसीची पूर्ण रक्कम दोन्हीकडच्या सामानाला लागू असते. तुमचे ते दिवस संपलेत. टेक्सासच्या घराची पॉलिसी झाली असेलच. बेसमेंटमधल्या खोक्यांत मोलाचं काही असेल तर ते घेऊन या.

हे वाचून भारतात चार-सहा महिने राहायला जाणारे घाबरतील, तर त्यांच्यासाठी: आईवडिलांच्या आजारपणासाठी नाशिकला सहा महिने राहिलात, घर सामानासकट तसंच आहे, पत्ता तोच, परतीचं तिकीट आहे, तर घर बंद आहे, रिकामं नाही, आणि तुमचं राहतं घर तेच आहे. तुमच्यासाठी वरचा पाण्याचा भाग महत्त्वाचा. एजंटला एक ओळ मात्र टाका.

पुण्याच्या फ्लॅटचं गणित निराळं आहे. भारतात 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाण पॉलिसी मिळते. त्यात आग, भूकंप, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं आहे. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. घरातल्या सामान्य सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पण चोरी धरली जाते ती अशा एखाद्या आपत्तीमुळे, आणि तिच्यानंतर 7 दिवसांच्या आत झालेली. कुलूप तोडून सरळ झालेली घरफोडी त्यात येत नाही, आणि तुमच्या फ्लॅटमधून पाणी गळून खालच्यांचं छत खराब झालं तर त्यांचं नुकसानही त्यात नाही. दोन्हीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. घरफोडीच्या कव्हरमध्ये घर सलग ठरावीक दिवस, अनेकदा 30, बंद राहणार असेल तर आधी कळवायची अट असते. फॉर्मवर तसा रकाना नसला तरी फ्लॅट वर्षातले बहुतेक महिने बंद असतो हे स्वतःहून लिहा, आणि ते मान्य करून दिलेली पॉलिसीच घ्या.